गल्लीला चालायचं नाही

बेंगळूर,
२३ नोव्हेंबर १९६६

प्रिय रघूअण्णा,

तुझं दिवाळीचं पत्र येऊन आठ दिवस झाले. एरवी मी त्याच आठवड्यात उत्तर टाकते. सगळे बरे आहेत, अप्पांचा गुडघा स्वल्प दुखतो, यमुनाला आत्याचे आशीर्वाद, आणि खाली सही. या वेळी तीन कागद लिहिले आणि तिन्ही फाडले. कन्नडात लिहायला घेतलं असतं तर हात भरभर चालला असता, शाळेत आपण तीच अक्षरं गिरवली. पण जे सांगायचंय ते आपल्या स्वयंपाकघरातलं आणि ओसरीवरचं आहे, ते मराठीतच यायला हवं. चुका दिसतील, त्या माफ कर. आधी एकट्यानं वाच, मग अहल्यावहिनीला दे. तिचाही यात वाटा आहे, माझ्याहून जास्त.

तू लिहिलंस की यमुना वर्गात एकटीच उभी राहिली आणि म्हणाली, दौत त्या मुलीनं सांडली नाही, मी पाहिलंय. सगळा वर्ग एका बाजूला आणि ही दुसऱ्या. तू तिला घरी आल्यावर समजावलंस. तुझे शब्द मला पाठ झालेत: "चार माणसांहून वेगळं बोलू नये. सगळे एकीकडे आणि आपण एकटे असलो तर चूक बहुधा आपलीच असते. मी हे शिकायला फार मोठी किंमत दिली." अण्णा, हे तू लिहितोयस? मी पत्राची घडी घातली, पोळ्या लाटल्या, हात धुतले, परत उघडून वाचलं. वाक्य तिथंच होतं. तू चिडलेला असतास, शिव्या घातल्या असत्यास, तर मी आणखी दहा वर्षं गप्प बसले असते. पण तुला आता खरंच वाटतंय की तू चुकला होतास. आणि तू चुकला नव्हतास हे मला त्याच दिवशी, त्याच वेळी, माहीत होतं. नुसतं वाटत नव्हतं. माझ्याजवळ ते लिहिलेलं होतं.

अठ्ठावन्न सालचा उन्हाळा आठव. मी म्हैसूरहून मानसशास्त्रात एम.ए. होऊन परत आले होते आणि गल्लीतल्या बायका मला विचारत होत्या, म्हणजे तू वेड्यांच्या इस्पितळात जाणार का गं. प्रोफेसर भीमाचार्यांनी मला त्यांच्या पाहणीत काम दिलं. अमेरिकेत चार वर्षं काढूनही कपाळावरच्या गंध-अक्षता न सोडलेले गृहस्थ. शहरात ज्या ज्या प्रश्नांवरून वाद पेटतात, त्यांविषयी माणसं एकमेकांशी कसं बोलतात, हा त्यांचा विषय होता. ते म्हणायचे, "लोक काय म्हणतात ते पेपरात येतं. मला पाहिजे ते वेगळं. कोण कुणासमोर काय म्हणतो आणि तो उठून गेल्यावर काय म्हणतो." त्याच महिन्यात आपल्या गल्लीमागच्या गरडीच्या, त्या जुन्या तालमीच्या, मैदानावर झाडूकामाच्या माणसांसाठी चोवीस घरं बांधायची, मध्ये एक नळ द्यायचा, असा कॉर्पोरेशनचा नकाशा निघाला. तू मला म्हणालेलास, बरं झालं, आपली गल्ली झाडणाऱ्या मुनियम्माला आता दोड्ड मोरीच्या नाल्याचा काठ सोडता येईल. भीमाचार्यांनी चार वस्त्या निवडल्या, त्यात आपली एक. स्वतःच्या गल्लीत पाहणी करू नये हे त्यांना ठाऊक होतं, पण दुसऱ्या कुणाला आपल्या बायकांनी चुलीपर्यंत येऊ दिलं नसतं.

बावन्न घरं. मी एक महिना फिरले. दर घरात एकालाच विचारायचं, तेही बाकीचे नसताना. प्रश्न बरेच होते, पण खरे दोनच. मैदानावर ती घरं झाली तर तुम्हांला स्वतःला चालेल का? आणि गल्लीतल्या बाकीच्यांना चालेल असं तुम्हांला वाटतं का? मी दारात पाय ठेवण्याआधी शपथेवर सांगायचे की कागदावर नाव नाही, नुसता आकडा आहे, आणि कुणाचं उत्तर कुणाला कळणार नाही. ती शपथ मी आजही मोडणार नाही, म्हणून कोण काय म्हणालं ते तू विचारू नकोस. पण बोलणं कसं होतं ते सांगते. एक बाई उखळातलं मुसळ न थांबवता म्हणाली, "माझं काही नाही गं. ती बाई माझ्या दाराची घाण काढते, माझ्या घरामागं राहिली तर काय बिघडलं? पण गल्लीला चालायचं नाही." एक म्हातारे गृहस्थ दार लावून घेऊन, आवाज खाली करून म्हणाले, "मी तर म्हणतो होऊ दे. पण बाहेर बोलशील तर खबरदार. इथं मी एकटाच असा आहे." शेजारच्या घरात गेले, तिथंही दार लागलं आणि तिथंही हेच. दोन घरांमध्ये एकच भिंत होती, अण्णा. भिंतीच्या या बाजूलाही एकटाच आणि त्या बाजूलाही एकटाच.

सगळे कागद भरल्यावर मी ओसरीवर बसून बेरीज केली. स्वतःला चालेल असं म्हणणारी तेहतीस घरं. चालणार नाही म्हणणारी चौदा. पाच घरांनी काही सांगितलं नाही. आणि गल्लीला चालणार नाही असं म्हणणारी किती? सेहेचाळीस. मी तीनदा मोजलं. आपल्या घराचाही कागद त्यात होता. तू कारखान्यात पाळीवर गेला होतास, वहिनी माहेरी होती, म्हणून उत्तरं अप्पांनी दिली.

पुढचं तुला माहीत आहे, तरी मी ते माझ्या जागेवरून लिहिते. श्रावणातला रविवार, अंबाभवानीच्या देवळाचा मंटप. पुरुष जाजमावर, आम्ही बायका खांबांच्या मागे. अप्पा अध्यक्ष, कारण संस्थानच्या घोडदळातून निवृत्त झालेला दुसरा माणूस गल्लीत नव्हता. त्या चोवीस घरांविरुद्धचा अर्ज उमाजीरावांनी आणला होता, तेच आधी बोलले. शहाजीराजांच्या वेळेपासून आपण इथं आहोत, पेठा बदलल्या, राज्यं बदलली, आपण बदललो नाही. आज घरं येतील, उद्या नळावर रांग, परवा देवळाची पायरी. ते वाईट बोलले नाहीत, चांगलंच बोलले, आणि प्रत्येक वाक्याला माना हलत होत्या. मी त्या माना ओळखत होते. मुसळवाल्या बाईची मान हलत होती. दार लावून घेणाऱ्या म्हाताऱ्यांची तर सगळ्यांत जोरात. मग उमाजीरावांनी विचारलं, आणखी कुणाला बोलायचंय का, आणि तू उठलास. कारखान्यातून थेट आला होतास, बाहीवर तेलाचे डाग होते. तू म्हणालास, "मुनियम्मा पहाटे आपल्या दारात येते. ती येते कुठून, हे इथं कुणी पाहून आलंय का? मी आलोय. तिच्या झोपडीत शिरायचं तर एक पाय नाल्यात ठेवावा लागतो. आणि आपण मैदान रिकामं ठेवून तिथं काय करणार? पापड वाळवणार?" मागं कुणीतरी हसलं आणि लगेच खोकल्यासारखं केलं. तेव्हा उमाजीरावांनी तो प्रश्न केला: "रघुजीच्या बाजूचं आणखी कोण आहे? हात वर करा."

एकही हात वर आला नाही. तू मागे वळलास, आधी पुरुषांकडे पाहिलंस, मग खांबांकडे. तुझी नजर माझ्यावर येऊन थांबली. तू काही मागत नव्हतास. माझी बहीण इथं आहे ना, एवढंच पाहत असशील. माझ्या मांडीवर कापडी पिशवी होती आणि पिशवीत ते बावन्न कागद, भीमाचार्यांकडे दुसऱ्या दिवशी न्यायचे म्हणून दोऱ्यानं बांधलेले. मी मान खाली घातली. अप्पांचा आवाज आला, "सभेचं मत एक आहे. रघुजी, खाली बस." तू बसला नाहीस. चपला हातात घेऊन निघून गेलास. विरोधाच्या अर्जावर बावन्न घरांच्या सह्या झाल्या. आपल्या घराची सही अप्पांची.

मी गप्प का बसले हे स्वतःला खूप प्रकारे सांगून झालंय. पहिल्यांदा शपथेच्या आड लपले. पण शपथ नावांची होती, आकड्यांची नव्हती. मी उभी राहून एवढंच म्हणायचं होतं की तेहतीस घरांना चालतंय, कुणाचंही नाव न घेता. मग मी लग्नाच्या आड लपले. तुला आठवत असेल, पुढच्याच गुरुवारी उमाजीरावांच्या पुतण्याकडची माणसं मला पाहायला येणार होती, आणि मला नरसिंह आवडले होते. ते कारण खरं आहे, पण पुरं नाही. खरं असं आहे, अण्णा, की त्या मंटपात बसल्यावर मला माझ्याच कागदांवर विश्वास राहिला नाही. साठ-सत्तर माणसांच्या पाठी समोर होत्या, सगळ्या एका बाजूला वळलेल्या, आणि मांडीवरचे कागद मला खोटे वाटायला लागले. वाटलं, मीच काहीतरी चुकीचं लिहून घेतलं असेल. ज्या बाईनं स्वतःच्या कानांनी तेहतीस घरांचं ऐकलं होतं, तिलाही वाटलं की आपण एकटीच आहोत.

सोमवारी मी कागद भीमाचार्यांना दिले आणि सभेत काय झालं ते सांगितलं. ते खुर्चीतून अर्धे उठले, इतके खूश झाले. मग त्यांनी मला तिकडे अमेरिकेत झालेल्या एका प्रयोगाविषयी सांगितलं. सात-आठ जणांना एका खोलीत बसवतात, एक रेघ दाखवतात आणि विचारतात, या तिघींपैकी हिच्याएवढी लांब कुठली? उत्तर लहान मुलालाही येईल असं. पण एक सोडून बाकी सगळे आधीच शिकवून ठेवलेले असतात, ते मुद्दाम चुकीची रेघ सांगतात. आणि तो शेवटचा माणूस, डोळ्यांना धडधडीत दिसत असताना, पुष्कळदा त्यांच्या मागं जातो. पुढे भीमाचार्य म्हणाले, "पण गंमत पाहा. त्या सगळ्यांत एकानं जरी खरी रेघ सांगितली ना, फक्त एकानं, की या माणसाला धीर येतो. मग तो क्वचितच चुकतो." एकच माणूस लागतो. तो खांबामागं बसला होता, मांडीवर पिशवी घेऊन. भीमाचार्यांनी विचारलं, "तुम्ही सभेत काही बोलला नाहीत ना?" मी नाही म्हटलं. ते म्हणाले, "छान केलंत. सगळा अभ्यास बिघडला असता." तो अभ्यास पुढं एका इंग्रजी नियतकालिकात छापून आला. आपली गल्ली त्यात "वस्ती क्रमांक चार" आहे. तुझ्याविषयी एक ओळ आहे: एका सदस्याने विरोधी मत मांडले, त्यास पाठिंबा मिळाला नाही.

आता यमुनाच्या बारशाचं. मी डोकं दुखतं म्हणून निरोप पाठवला होता, तो खोटा होता हे तुला तेव्हाच कळलं असेल. सभेनंतर गल्लीनं तुझ्याशी जाणं-येणं टाकलं होतं, माझं लग्न ठरलं होतं आणि सासरकडून निरोप आला होता की त्या घरी आत्ता जाऊ नये. त्या घरी, म्हणजे माझ्या स्वतःच्या घरी. मी तेव्हा मावशीकडे राहायला गेले होते, त्या दिवशी सुईदोरा घेऊन नुसती बसलेली. पुढं अप्पांनी एकदा मला सांगितलं, तेवढ्या एका गोष्टीविषयी ते बोलले. वहिनीनं पाळणा सजवला होता. घुगऱ्या केल्या होत्या, मोठ्या पातेल्यात, गल्लीला पुरतील एवढ्या. चार वाजले, पाच वाजले. समोरच्या घराचं दार किलकिलं झालं आणि पुन्हा लागलं. शेवटी मागच्या दारी मुनियम्मा आली, हातात कनकांबराचा गजरा घेऊन. आत यायची नाही, वहिनीनं हाताला धरून आत घेतली, आणि बाळाचं नाव त्या दोघींनी ठेवलं. अप्पा माजघरात बसून होते. ते उठले नाहीत. त्या दारांमागं ज्या बायका उभ्या होत्या, त्यांतल्या बहुतेकींचे कागद मी भरले होते. त्यांचं तुझ्याशी काही वैर नव्हतं. प्रत्येकीला वाटत होतं की आपण गेलो तर आपण एकट्याच जाऊ.

तू जानेवारीत भिलाईला गेलास. घरं मैदानावर झाली नाहीत. एकसष्टच्या ऑक्टोबरात चार दिवस पाऊस लागून दोड्ड मोरी फुगली आणि काठावरच्या पाच झोपड्या गेल्या. हे मी तुला त्या वेळी कळवलं होतं. मुनियम्मा नातवाला बाहेर काढून परत आत शिरली, काय आणायला ते कुणाला ठाऊक नाही, आणि भिंत तिच्या अंगावर आली. हेही कळवलं होतं. पण पुढच्या आठवड्यात काय झालं ते नाही कळवलं. बायका एकेक करून माझ्याकडे आल्या. कुणी पीठ चाळायच्या निमित्तानं, कुणी लोणच्याची फोड मागायला. प्रत्येकीनं डोळ्यांना पदर लावला आणि म्हणाली, "मी तर तेव्हाच तुला सांगितलं होतं ना गं, मला चालत होतं म्हणून." आणि त्या खोटं बोलत नव्हत्या, हेच मला सोसवेना. खोटं बोलत असत्या तर मी त्यांना हाकलून दिलं असतं.

या दसऱ्याला पुन्हा तोच नकाशा निघाला. तेच मैदान, तीच चोवीस घरं, आता प्रत्येकाला दोन खोल्या. गेल्या रविवारी पुन्हा देवळात सभा होती. उमाजीराव आता माझे चुलतसासरे आहेत, थकलेत, पण आवाज तसाच. तुझं पत्र मंगळवारी आलं होतं. शनिवारी मी भीमाचार्यांकडे गेले, ते आता निवृत्त झालेत. म्हटलं, मला आकडे सांगायचेत, नावं नाहीत. त्यांनी चष्मा पुसला. म्हणाले, "आठ वर्षांपूर्वी मी तुम्हांला नको म्हटलं असतं. आता कुठल्या तोंडानं म्हणू?" नरसिंहांना मी काही सांगितलं नाही. सांगितलं असतं तर त्यांनी थांबवलं असतं, आणि मी थांबले असते.

रविवारी सभेत उमाजीरावांचं भाषण संपलं. त्यांनी नेहमीप्रमाणं विचारलं, कुणाला काही बोलायचंय का. मी खांबाला धरून उभी राहिले. बायका बोलत नाहीत तिथं, तुला माहीत आहे. मी म्हटलं, अठ्ठावन्न साली मी या गल्लीतल्या बावन्न घरांत बसून एक गोष्ट विचारली होती. तेहतीस घरांनी सांगितलं होतं, आम्हांला चालेल. आणि सेहेचाळीस घरांनी सांगितलं, गल्लीला चालणार नाही. मग ही गल्ली म्हणजे कोण? बाकी काही बोलले नाही. उमाजीराव म्हणाले, "नावं वाच." मी म्हटलं, नावं नाहीत. "नावं नसली तर आकडे कुणी सांगावेत? मीही सांगतो, पन्नास घरं विरोधात होती. दाखव, कोण तेहतीस?" मी नाही म्हटलं. त्यांनी तिसऱ्यांदा विचारलं. पुरुषांतून कुणीतरी म्हणालं, शिकलेल्या सुना अशाच. नरसिंह समोर जाजमावर बसले होते, त्यांचे कान लाल झालेले मला मागून दिसत होते. मी त्या तेहतीस माणसांकडे पाहत होते, त्यांतले सात वारलेत, बाकीचे बहुतेक तिथंच होते, आणि सगळे जमिनीकडे पाहत होते. तेव्हा मला तू दिसलास अण्णा, चपला हातात घेतलेला. त्या क्षणी तुला कसं वाटलं असेल ते मला आठ वर्षांनी कळलं.

आणि मग अप्पा उठले. त्यांना आता एका हातानं जमीन रेटून उठावं लागतं. त्यांना वेळ लागला आणि सगळे थांबून राहिले. ते म्हणाले, "एक नाव मी सांगतो. माझं. त्या वेळी माझ्या मुलीनं मला ओसरीवर बसवून विचारलं, मी म्हणालो मला चालेल. माझ्या बापानं याच गरडीत त्या लोकांबरोबर मातीत कुस्ती केली होती, मला का चालू नये? पण मी सभेचा अध्यक्ष होतो. मला वाटलं सभेला चालणार नाही. म्हणून मी माझ्या मुलाला खाली बस म्हणालो." एवढं बोलून ते उभेच राहिले. मग माझ्या शेजारून आवाज आला, "मी पण." माझ्या सासूबाई, मथुराबाई. उमाजीरावांसमोर ज्यांनी तीस वर्षांत डोक्यावरचा पदर मागे जाऊ दिला नाही, त्या. मग पलीकडून आणखी एक, मग पुरुषांतून दोन. अकरा झाले. बाकीचे बसून राहिले, आणि एकदोघे तर उठून गेले. उमाजीरावांनी वही मिटली, म्हणाले, "आज ठराव नाही." अर्ज गेला नाही. पुढच्या महिन्यात परत सभा आहे. घरं होतील की नाही, मला सांगता यायचं नाही. नरसिंह दोन दिवस बोलले नाहीत. काल जेवताना म्हणाले, "मला आधी सांगायला हवं होतंस." मी म्हटलं, हो. त्यांनी ताक मागून घेतलं. एवढंच, पण ते घरात जेवले, काकांकडे गेले नाहीत.

सभेनंतर मी अप्पांना हात धरून घरी नेलं. ओसरीवर बसवलं, पाणी दिलं. ते पाणी तसंच ठेवून मला म्हणाले, "राजी, तेहतीस हा आकडा तुला तेव्हाच माहीत होता? त्या दिवशी, सभेत?" मी हो म्हटलं. "पिशवीत होता?" मी हो म्हटलं. मला वाटलं ते रागावतील. इतकी वर्षं त्यांना वाटत होतं की गल्लीत तसं वाटणारे ते एकटेच होते, आणि म्हणून एका मुलासाठी सगळ्या गल्लीला तोडणं त्यांना जमलं नाही. ते रस्त्याकडे पाहत म्हणाले, "मग आपण दोघांनी जायला पाहिजे." काल नरसिंहांनी स्वतः स्टेशनवर जाऊन तिकिटं काढली. सात तारखेला आम्ही निघतो, मद्रासमार्गे नागपूर, तिथून दुर्ग, शनिवारी, दहा डिसेंबरला सकाळी पोचू. अप्पांना तुला पत्र लिहायचं नव्हतं, त्यांना समोर उभं राहून सांगायचंय, आणि त्यांचं ते सांगतील. पण माझं मी आधी लिहिलं, कारण अप्पांना दारात पाहून तू विरघळशील आणि त्यांच्याबरोबर मलाही आत घेशील. तसं नको. मी काय केलं ते पुरतं कळल्यावर, वहिनीशी बोलून, यमुनाला काय सांगायचं ते ठरवून, मग ये किंवा येऊ नकोस. तू स्टेशनवर नसलास तर अप्पांना मी रिक्षानं तुझ्या दारापर्यंत आणून सोडीन आणि मी बाहेर थांबेन.

तुझीच,
राजी